योग्यानुपलब्धी आणि सूर्याचे कंप : एका अतिनील प्रमाणाची चिकित्सा

शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकातच नकार येतो, तेव्हा वाचकाने थोडे थांबून वाचावे. २००५ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात ऑस्लो विद्यापीठातील ॲस्ट्रिड फॉसम व माट्स कार्लसन ह्यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. उच्च कंप्रतेचे ध्वनितरंग सूर्याचा वर्णगोल तापविण्यास पुरेसे नाहीत, हा त्याचा निष्कर्ष होता आणि तेच त्याचे शीर्षकही होते. आधारास घेतल्या होत्या त्या सूर्याच्या अतिनील प्रकाशातील प्रतिमा. प्रस्तुत लेखकाचा अधिकार भाषाशास्त्रापुरता आहे. वर्णगोल कशाने तापतो ह्याविषयी त्यास स्वतंत्र मत नाही. परंतु ‘आढळले नाही’ येथून निघून ‘नाही’ येथे पोहोचणारी वाट कोणती, हा प्रश्न ज्योतिर्विदांचा आहे तितकाच बोलीचे सर्वेक्षण करणाऱ्याचाही आहे. त्या वाटेचीच येथे तपासणी करावयाची आहे.

प्रथम शब्दांविषयी. ‘अतिनील’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत स्थिर झाला आहे. मराठी विश्वकोशाने मात्र ‘जंबुपार’ हा शब्द वापरला. दोहोंत ‘जंबुपार’ अधिक अन्वर्थक आहे, ह्यात शंका नाही: जांभळ्याच्या पलीकडचे ते जंबुपार. ‘अतिनील’ ह्यातील ‘अति’ हा उपसर्ग मराठी कानाला ‘पलीकडचा’ असा न लागता ‘फार’ असा लागतो, आणि मग विद्यार्थी अतिनील म्हणजे गडद निळा असे समजून बसतो. तरीही योगापेक्षा रूढी बलवान, हे आपले जुने तत्त्व मान्य करून ह्या लेखात ‘अतिनील’च ठेवला आहे. ‘आंदोलन’ ह्या शब्दाबाबत रूढीने उलटाच घोटाळा केला. लंबकाच्या झोक्यांसाठी तो उत्तम होता. पण मोर्चे, उपोषणे आणि सत्याग्रह ह्यांनी त्याचा असा ताबा घेतला आहे की ‘सूर्याची आंदोलने’ असे लिहिल्यास पदव्युत्तर वर्गातही हशा पिकतो. म्हणून येथे ‘दोलन’ आणि ‘कंप’ हे दोन शब्द योजले आहेत. दर सेकंदास होणाऱ्या कंपांची संख्या ती कंप्रता. सूर्याच्या बाबतीत ती इतकी अल्प असते की हर्ट्‌झच्या सहस्रांशात, म्हणजे मिलिहर्ट्‌झमध्ये मोजावी लागते.

आता वादाची पार्श्वभूमी. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागापासून, म्हणजे दीप्तिगोलापासून, वर जाऊ लागल्यास तापमान प्रथम घटते आणि रूढ प्रतिरूपांनुसार सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर ४,४०० केल्व्हिनच्या आसपास येते. त्यापुढे ते घटत नाही, वाढू लागते. हाच वर्णगोल होय. तो प्रारणाच्या रूपाने उष्णता सतत गमावीत असतो. शांत सूर्याच्या वर्णगोलाची ही गळती दर चौरस मीटरला सुमारे ४,००० वॅट इतकी मानली जाते. ही तूट भरून काढणारे काहीतरी खालून येत असले पाहिजे. १९४६ साली लुडविग बीअरमान ह्यांनी आणि १९४८ साली मार्टिन श्वार्त्सशील्ड ह्यांनी सुचविले की ते ‘काहीतरी’ म्हणजे ध्वनी असावा. दीप्तिगोलाखाली वायू अखंड उकळत असतो. त्या खळबळीतून उठलेले ध्वनितरंग वर विरळ वायूत शिरले की त्यांचा उभार वाढत जातो, ते आघाततरंग बनतात आणि आपली ऊर्जा तेथे उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. ही कल्पना सुबक होती. साठ वर्षे ती पाठ्यग्रंथांतून नांदली ह्याचे एक कारण तिची सत्यता असेल. दुसरे तिची सुबकता हे खासच.

सूर्य कंप पावतो ह्याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र नंतर आला. माउंट विल्सन वेधशाळेत रॉबर्ट लेटन ह्यांना १९६० साली आढळले की सूर्यपृष्ठावरील वायू जागोजागी सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तकालाने वरखाली होतो. १९६२ साली लेटन, रॉबर्ट नॉयेस आणि जॉर्ज सायमन ह्यांचा ह्या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. १९७० साली रॉजर उल्‍रिक ह्यांनी ह्या कंपांचा अर्थ लावला: सूर्याच्या पोटात कोंडलेले हे ध्वनितरंग आहेत. पुढे १९७५ साली फ्रान्झ-लुडविग डॉयब्नर ह्यांच्या वेधांनी त्या अर्थास पुष्टी दिली. ‘कोंडलेले’ हा शब्द येथे महत्त्वाचा. सूर्याच्या वातावरणाला एक उंबरठा आहे. सुमारे ५ मिलिहर्ट्‌झपेक्षा कमी कंप्रतेचा, म्हणजे साधारण तीन मिनिटांहून अधिक आवर्तकालाचा तरंग सामान्यतः वर जाऊ शकत नाही. तो परत फिरतो. पाच मिनिटांचे तरंग असे आत अडकतात, म्हणूनच त्यांच्यावरून सूर्याच्या अंतरंगाचा अभ्यास करता येतो. पण त्याच कारणाने ते वर्णगोल तापविण्याच्या कामी फारसे येत नाहीत. तापविण्याचा भार उंबरठा ओलांडणाऱ्या जलद तरंगांवर पडतो. हे जलद तरंग ऊर्जेच्या दृष्टीने पुरे पडतात काय, एवढाच मुद्दा उरतो.

हे तरंग अतिनील प्रकाशातच का शोधावयाचे? पाच मिनिटांचे कंप सामान्यतः डॉप्लर परिणामाने, म्हणजे वर्णपटातील रेषेच्या सरकण्यावरून मोजतात. तेथे वायूची गती जवळजवळ थेट हाती लागते. अतिनील प्रतिमेत आपण गती पाहत नाही, उजेड पाहतो. तरंगाने वायू दाबला गेला की तो तापतो, आणि तापला की त्याचा अतिनील उजेड झपाट्याने वाढतो. प्लांकच्या नियमाने साधे गणित केल्यास ५,००० केल्व्हिन तापमानाच्या वायूचे तापमान एक टक्क्याने वाढल्यास ५,००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा हिरवा उजेड सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो. १,६०० अँगस्ट्रॉमच्या अतिनील उजेडात मात्र तीच वाढ सुमारे १८ टक्के होते. प्रत्यक्षात त्या उंचीवरील विरळ वायूस हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. तरी कल कोणीकडे आहे ते ह्यावरून कळते. शिवाय हा उजेड आपल्यापर्यंत येतो तो दीप्तिगोलाच्या वरून, १,६०० अँगस्ट्रॉमच्या बाबतीत सुमारे ४३० किलोमीटर उंचीवरून, म्हणजे नेमका वर्णगोलाच्या पायथ्यातून. पृथ्वीच्या वातावरणातील ओझोन व ऑक्सिजन हा प्रकाश गिळून टाकतात, म्हणून दुर्बीण अंतराळातच हवी. एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या ‘ट्रेस’ ह्या उपग्रहावर तशी दुर्बीण होती. तिने घेतलेल्या १,६०० अँगस्ट्रॉमच्या प्रतिमा हीच २००५ च्या निबंधाची सामग्री.

लेखकद्वयाने काय केले? प्रतिमांतील उजेडाच्या चढउतारांतून ५ ते ५० मिलिहर्ट्‌झ कंप्रतेचा अंश वेगळा काढला. त्या चढउतारांमागे ध्वनितरंगांची किती ऊर्जा असावी, हे संगणकीय प्रतिरूपाच्या साहाय्याने ठरविले. ती वर्णगोलाच्या गरजेच्या एक दशांशाहूनही कमी निघाली. म्हणून: पुरेसे नाही.

हा युक्तिवाद अभावाचा आहे. भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी तिला प्रत्यक्षाचे साहाय्यक कारण मानून तिचे स्वतंत्र प्रामाण्य नाकारले. तो वाद येथे बाजूस ठेवू. पण दोन्ही पक्षांनी एक अट घातली, तीच आपल्या कामाची: अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. भुईवर घडा असता तर तो दिसला असता, एवढा उजेड आणि एवढी दृष्टी असताना तो दिसला नाही, तरच घडा नाही असे ठरते. अंधारात न दिसलेल्या घड्याने काही सिद्ध होत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही, असेही म्हणता येत नाही, कारण ते दिसण्याजोगे नाही असे मानणाऱ्यांचेच म्हणणे आहे. तेव्हा ट्रेसच्या प्रतिमांपुढे विचारावयाचा प्रश्न असा: पुरेशा ऊर्जेचे तरंग तेथे असते, तर ते ह्या दुर्बिणीला दिसले असते काय?

आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीचा अनुभव येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. तीन गावांच्या बोलीतील उष्म वर्णांवर ती काम करीत होती. तिसऱ्यांदा गावी जाणे जमेना, म्हणून तिने काही निवेदकांचे बोलणे दूरध्वनीवरून मुद्रित केले आणि ‘तिन्ही गावांत स आणि श ह्यांचा भेद नाही’ असे प्रकरण लिहून आणले. साधा दूरध्वनी सुमारे ३,४०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज वाहून नेत नाही. आणि ‘स’ची मुख्य ऊर्जा तर त्याच्याही वर असते. तिला ऐकू न आलेला भेद निवेदकांच्या जिभेवर नव्हता की तारेत गळाला, हे त्या मुद्रणावरून कोणालाच सांगता आले नसते. प्रत्यक्ष जाऊन पुन्हा मुद्रण केल्यावर दोन गावांत भेद निघाला, तिसऱ्यात निघाला नाही. तिसऱ्या गावाविषयीचे तिचे जुने वाक्य शब्दशः तसेच राहिले. पण आता त्याला अर्थ आला होता.

ट्रेसच्या दुर्बिणीत तरंग दोन प्रकारांनी गळू शकत होते. पहिली गळती उभी. अतिनील उजेड एकाच पातळीवरून येत नाही. शेदीडशे किलोमीटरांहून अधिक जाडीच्या थरातून तो मिळून येतो. ५० मिलिहर्ट्‌झचा तरंग घ्या. आवर्तकाल २० सेकंद, तेथील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ७ किलोमीटर, म्हणजे तरंगाची लांबी सुमारे १४० किलोमीटर. एवढ्याच थरात तरंगाचा माथाही येतो आणि पायथाही. एकाचा वाढलेला उजेड दुसऱ्याच्या घटलेल्या उजेडात मिसळून जातो आणि दुर्बिणीस जवळजवळ काहीच हलताना दिसत नाही. तीन मिनिटांच्या तरंगाची लांबी ह्याउलट हजार किलोमीटरांहून अधिक, त्यास हे भय नाही. दुसरी गळती आडवी. ट्रेसच्या प्रतिमेतील एक बिंदू म्हणजे सूर्यावरील सुमारे ३६० किलोमीटर. त्याहून लहान क्षेत्रांत तरंग वेगवेगळ्या तालात असतील, तर बिंदूच्या आतच त्यांची बेरीज शून्याकडे जाते.

फॉसम आणि कार्लसन ह्यांना पहिल्या गळतीची पूर्ण जाणीव होती. तिची भरपाई त्यांनी प्रतिरूपातून केली: अमुक ऊर्जेचा तरंग ह्या थरातून गेल्यास उजेड किती हलेल, ते आधी गणिताने काढले आणि मग उलट हिशेब केला. येथपर्यंत त्यांच्यावर आक्षेप घेता येत नाही. पण ते प्रतिरूप एकमितीय होते. त्यात उंची होती, रुंदी नव्हती. आणि ज्या प्रतिरूपात रुंदीच नाही त्यास आडव्या गळतीचा हिशेब कसा ठाऊक असणार? दुसऱ्या शब्दांत, अनुपलब्धीची योग्यता त्यांनी प्रतिरूपाकडून उसनी घेतली होती आणि उसनवारी अपुरी होती. २००७ साली स्वेन वेडेमायर-ब्योम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिमितीय प्रतिरूपांच्या आधारे नेमका हाच आक्षेप घेतला: ट्रेसच्या मर्यादित पृथक्करणशक्तीमुळे ध्वनिऊर्जेचा मोठा भाग निसटून गेला असावा.

ह्यानंतर जे झाले ते प्रस्तुत लेखकास मूळ निबंधाहून अधिक मोलाचे वाटते, जरी त्याचा गाजावाजा कमी झाला. सप्टेंबर २००६ मध्ये जपानने ‘हिनोदे’ हा उपग्रह सोडला. त्यावरील दुर्बीण अतिनील नव्हती. तिने कॅल्शियमच्या जांभळ्या रेषेत आणि निळ्या प्रकाशात पाहिले. तिचा बिंदू मात्र ट्रेसच्या बिंदूच्या एक दशांश होता. कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक साधी गोष्ट केली. हिनोदेच्या तीक्ष्ण प्रतिमा त्यांनी हेतुपुरस्सर बोथट करून ट्रेसच्या पातळीवर आणल्या आणि बोथट करताना किती कंपशक्ती हरवते ते मोजले. एकूण शक्ती अवघी १·२ पट कमी झाली. २० मिलिहर्ट्‌झला १·६ पट. म्हणजे आडवी गळती होती, पण ती दहापटीचा फरक भरून काढण्याजोगी नव्हती. ह्या नव्या हिशेबाने त्यांनी ध्वनिऊर्जेची वरची मर्यादा दर चौरस मीटरला ८०० वॅट अशी ठरविली. गरजेच्या पाचपट कमी.

वाचकांनी ह्यातील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘दहापट’चे ‘पाचपट’ झाले, हे निष्कर्षाचे खच्चीकरण नव्हे. उलट ह्या वेळी प्रथमच, घडा असता तर दिसला असता काय, ह्या प्रश्नाचे काही उत्तर वेधांतून मिळाले, केवळ प्रतिरूपातून नव्हे. दुसरी गोष्ट ही की परीक्षा झाली ती आडव्या गळतीची. उभ्या गळतीविषयी विश्वास अद्याप प्रतिरूपावरच होता. २००७ च्या निबंधाचे शीर्षक विधानार्थी नसून प्रश्नार्थी आहे, ह्याची नोंद भाषेच्या अभ्यासकाने केल्यावाचून राहू नये.

वाद तेथे मिटला नाही. जून २००९ मध्ये स्वीडनमधील किरूना येथून ‘सनराइझ’ नावाची एक मीटर व्यासाची दुर्बीण बलूनमधून उडविण्यात आली. तिने लोखंडाच्या दृश्य रेषेत वायूची गती थेट मोजली. त्या वेधांवरून नझारेत बेयो गोन्सालेझ व सहकाऱ्यांनी २०१० साली दर चौरस मीटरला ६,००० वॅटांहून अधिक ध्वनिऊर्जा वर जात असल्याचे दाखविले. आकडे शेजारी ठेवले की वाटते, एकाने ८०० म्हटले, दुसऱ्याने ६,०००. ह्यांतील एक चूक असलाच पाहिजे. परंतु दुसरा आकडा सुमारे २५० किलोमीटर उंचीचा आहे, ट्रेसचा त्याहून बराच वरचा. आणि वर जाता जाता तरंग ऊर्जा गमावीत जातात. शिवाय एक आकडा गतीवरून काढलेला, दुसरा उजेडावरून. दोघांनी एकच वाक्य वाचले आणि अर्थ निराळे लावले, असे येथे झालेले नाही. दोघांनी एकाच ग्रंथाची निरनिराळी पाने वाचली आणि प्रत्येकाने आपल्या पानास ग्रंथाचे नाव दिले.

अतिनील प्रकाश हे कंपांच्या अभ्यासाचे दुबळे साधन आहे असा ग्रह ह्यावरून होऊ नये, म्हणून ताऱ्यांकडील एक उदाहरण देतो. लघुसिंह तारकासमूहात जी११७-बी१५ए ह्या रुक्ष नावाचा एक श्वेतबटू आहे. त्याचा उजेड मुख्यतः २१५ सेकंदांच्या आवर्तकालाने कमीजास्त होतो. तारा हा आपल्याला ठिपका. त्याच्या पृष्ठाचे कोणते भाग उजळतात आणि कोणते मंदावतात हे दिसण्याचा प्रश्नच नाही. तरीही कंपाचा आकार, म्हणजे पृष्ठाचे उजळमंद असे किती भाग पडतात, हे कळल्याखेरीज ताऱ्याच्या अंतरंगाविषयी काही बोलता येत नाही. येथे अतिनील प्रकाश कामी आला. ताऱ्याचे बिंब कडेला अंधुक असते आणि अतिनील प्रकाशात हा अंधुकपणा फार वाढतो. परिणामी कडेचे भाग हिशेबातून जवळजवळ वगळले जातात आणि उजळमंद भागांची परस्परांत होणारी वजावट बदलते. ती किती बदलते हे कंपाच्या आकारावर अवलंबून असते. म्हणून अतिनील आणि दृश्य प्रकाशातील चढउतारांचे गुणोत्तर घेतले, की न दिसणाऱ्या आकाराचा माग लागतो. १९९५ साली एडवर्ड रॉबिन्सन व सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या अतिनील वेधांवरून हेच केले आणि २१५ सेकंदांचा कंप सर्वांत साध्या प्रकारचा, एक बाजू उजळ तर दुसरी मंद असा आहे, हे दाखविले. सूर्याच्या बाबतीत जी वजावट गळती होती, तीच येथे पुरावा झाली. कारण येथे ती मोजली गेली होती, गृहीत धरली गेली नव्हती.

हा विषय आता आपल्या दारात आला आहे. पुण्याच्या आयुकाने इस्रोच्या सहकार्याने सिद्ध केलेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानाबरोबर निघाली आणि ६ जानेवारी २०२४ रोजी यान आपल्या नियत कक्षेत, पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटरांवर स्थिरावले. २,००० ते ४,००० अँगस्ट्रॉम ह्या पट्ट्यात अकरा गाळण्यांतून ती सूर्य पाहते. ट्रेसचा १,६०० अँगस्ट्रॉम ह्या पट्ट्यात येत नाही. तेव्हा ४३० किलोमीटरांचा आकडा उचलून सूटच्या प्रतिमांस चिकटविणे चुकीचे ठरेल. काही गाळण्यांचा उजेड दीप्तिगोलातला, तर मॅग्नेशियमच्या रेषांचा उजेड वर्णगोलात बराच वरचा. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतील एस. पी. राजगुरू व सहकाऱ्यांनी २०१३ साली अमेरिकेच्या एसडीओ उपग्रहाच्या दृश्य व अतिनील वेधांवरून सौरडागांभोवती जलद कंपांची वलये निरनिराळ्या उंचीवर कशी बदलतात हे पाहिले होते. तेथे उंची हा परिशिष्टाचा विषय नव्हता, निबंधाचा कणाच होता.

मराठीत ह्या वेधांविषयी लिहिताना ‘सूर्याचे संगीत’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. तीन मिलिहर्ट्‌झचा कंप मानवी कानाच्या खालच्या मर्यादेहूनही सहासात हजार पट मंद असतो, त्यामुळे तो ऐकविताना प्रचंड वेगाने फिरवून ऐकवावा लागतो, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही; पण लेखकाचा आक्षेप तेवढ्यावर नाही. संगीत म्हटले की स्वर कोणत्या उंचीवरून आला हे विचारण्याची गरजच राहत नाही. ‘सूर्यावर तीन मिनिटांचे दोलन आढळले’ असे लिहिण्याऐवजी ‘सूर्याच्या २,७९६ अँगस्ट्रॉमच्या उजेडात तीन मिनिटांचे दोलन आढळले’ असे लिहिले तर वाक्य तीन शब्दांनी वाढते. सूटच्या वेधांवर काम करणाऱ्या पदार्थविज्ञान विभागातील विद्यार्थ्यांनी आणि त्यांचे प्रबंध मराठीत उतरविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे तीन शब्द गाळू नयेत, आणि ‘आढळले नाही’ असे लिहावयाचे असेल तेव्हा तर मुळीच गाळू नयेत.